वळणापर्यंत

"अहो, दिवा जरा खाली. माझ्या डोळ्यांत नको, इंजिनाच्या पोटात धरा," बायको म्हणाली.

शिंप्याने दिवा खाली घेतला. अंगणात उभ्या असलेल्या ट्रकच्या बॉनेटखाली ती कमरेपर्यंत आत गेली होती. पंखा, पट्टा, मोठी पुली, सगळं काढून तिने जुन्या चादरीवर मांडून ठेवलं होतं. दुपार कलत होती. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेली कापडं वाऱ्याने फुगत होती, आणि त्यांतून गाळून आलेला उजेड अंगणभर हलत होता, पाण्याच्या तळाशी बसून वर पाहावं तसा. गल्ली पेंगत होती. शिंपीही उभ्या उभ्या पेंगला असता, पण सकाळपासून त्याच्या जिभेवर एक वाक्य होतं, ते त्याला झोपू देत नव्हतं.

पुरे आता. विकून टाक हा ट्रक.

उद्या ती माल घेऊन डोंगरापलीकडे निघणार होती. ती गेली की परत येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागे. मशीनवर बसला तरी टाके वाकडे पडत. गिऱ्हाइकं बाही उलटून बघत आणि म्हणत, "बाई खेपेवर गेल्यात वाटतं."

"बिघडलंय तरी काय?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

"मग उघडलंस कशाला?"

"बिघडल्यावर घाटात उघडलं, तर दिवा धरायला तुम्ही येणार आहात का?" ती आतूनच म्हणाली. "या झाकणामागे एक पिन असते. करंगळीच्या पेराएवढी. इंजिन थरथरतं तशी ती हळूहळू सरकत राहते, आणि कधीतरी चाकांच्या दातांत पडते. पडली की इंजिन संपलंच. म्हणून तिच्यावर आधीच एक पट्टी बसवायची, मग ती जागची हलत नाही. एवढंच काम."

झाकण निघालं. आतून तेलाचा जड, उबदार वास आला. मोठमोठी दातेरी चाकं तेलाने माखून, एकमेकांत दात अडकवून गप्प उभी होती. गाढ झोपलेल्या घरात चुकून शिरावं, तसं शिंप्याला वाटलं. त्याने श्वासही हळू घेतला.

बायको आत आणखी वाकली.

"दिवा," ती म्हणाली. शिंप्याने तो जवळ नेला.

पिन निम्मी बाहेर आली होती. तिचं टोक चाकाच्या दाताला टेकायचंच बाकी होतं.

ती बाहेर आली आणि उलट्या बादलीवर जाऊन बसली. मांडीवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिली. ते हात त्याने काळे झालेले पाहिले होते, भाजलेले पाहिले होते, सोललेले पाहिले होते. थरथरताना पाहिले नव्हते.

"गेल्या खेपेला उतारावर मी गाणं म्हणत होते," ती म्हणाली.

वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं. याहून चांगली वेळ पुन्हा आली नसती. गच्चीवरचं एक कापड फुगलं, त्याची सावली तिच्या चेहऱ्यावरून हळूच सरकत गेली, आणि तेवढ्या वेळात ती त्याला फार लांब बसल्यासारखी दिसली.

शिंप्याने दिवा मडगार्डवर टेकवला आणि बाह्या दुमडल्या.

"कशाने ठोकायची?"

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग उठून लहान हातोडी आणि पितळेची दांडी त्याच्या हातात दिली. "हलक्या हाताने. तुम्हाला सांगायला नको म्हणा."

तो ठोकू लागला. आवाज इतका बारीक येत होता, की कुणीतरी दुसऱ्याच घराचं दार वाजवतंय असं वाटावं. पिन केसभर आत गेली. मग आणखी केसभर. शेवटी ती भोकात पूर्ण बसली. तोवर बायकोचे हात ठिकाणावर आले होते. तिने वर पट्टी धरली, बोल्ट लावला आणि पाना त्याच्याकडेच दिला.

"ओढा. अजून. अजून जरा. बास."

सगळं परत जोडेपर्यंत उन्हं खाली आली. चिंधीने बोटं पुसत ती म्हणाली, "बोला आता. सकाळपासून तोंडात काहीतरी घोळवताय."

शिंप्याने गच्चीकडे पाहिलं. कुणीतरी कापडं काढून नेली होती, नुसत्या दोऱ्या उरल्या होत्या.

"ती पट्टी सुटणार नाही ना?"

"ती नाही सुटणार. बाकीचं मी सांगू शकत नाही."

"बाकीचं मी कुठे विचारलं," तो म्हणाला.

ती चिंधी ठेवून ट्रकच्या दाराशी गेली. मग केबिनमध्ये चढली. इंजिन एकदा खाकरलं आणि सुरू झालं. अंगणाची फरशी शिंप्याच्या तळपायांखाली गुणगुणू लागली.

"चला, वळणापर्यंत जाऊन येऊ," तिने वरून सांगितलं. "आवाज ऐकायला आणखी एक कान हवा."

"मला गाडी लागते."

"वळणापर्यंत कुणाला लागत नाही."

तो चढला. इतक्या उंचावरून त्याने आपली गल्ली कधी पाहिली नव्हती. स्वतःच्याच दुकानाची पाटी खाली, बुटकी, दुसऱ्या कुणाची असावी तशी मागे गेली. ओळखीची दारं, खिडक्या, ओट्यावर बसलेली माणसं, सगळं झोपेत सरकावं तसं सरकत होतं. त्याचं अंग इंजिनाबरोबर थरथरत होतं आणि पोटात काहीही ढवळत नव्हतं.

वळण आलं. ती वेग कमी करील म्हणून तो दाराची दांडी धरून बसला. वळण मागे पडलं. पुढे रस्ता मोकळा होता, आणि समोरच्या काचेवर सगळा मावळतीचा उजेड.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "घराचं दार उघडंच राहिलंय."

"राहू दे," ती म्हणाली, आणि तिने गिअर बदलला.