खिडकीतलं तळं

पाहुण्याने चार नंबरच्या खोलीचा पडदा सरकवला, फोन डोळ्यांसमोर धरला, एकदा फोनकडे पाहिलं आणि एकदा खिडकीबाहेर. बाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती. हात लांब केला तर लागेल एवढी जवळ.

लॉजची मालकीण टॉवेल घेऊन दारात उभी होती. तिने पुढे होऊन फोनमध्ये डोकावलं. खोली तिचीच. पलंग तोच, पडदा तोच, पडद्याच्या कोपऱ्याला तिने स्वतः लावलेलं ठिगळसुद्धा तेच. फक्त भिंतीच्या जागी निळंशार तळं पसरलेलं, आणि तळ्यात एक होडी.

पाहुणा निवृत्त पोस्टमन. भांडला नाही. पिशवी खुर्चीवर ठेवत म्हणाला, "पस्तीस वर्षं टपाल वाटलं, बाई. चुकीच्या दारात आज पहिल्यांदा उभा राहिलो."

त्याने चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. तो उलट स्वतःलाच दोष देत होता. फोटोतलं ठिगळ पाहून फसलो, म्हणाला. जी माणसं ठिगळ लपवत नाहीत ती खोटं तळं कशाला लावतील, असं वाटलं. तिने टॉवेल पलंगावर ठेवला आणि जिना उतरली.

खाली काउंटरवर दीर आणि वेबसाइटवाला लॅपटॉपपुढे बसले होते. नवी साइट सुरू होऊन तीनच दिवस झाले होते आणि वरच्या पाहुण्याला सोडून आणखी सात खोल्यांची बुकिंगं आली होती. दिरांचे पाय जमिनीला लागत नव्हते. लॉज दीर-वहिनी दोघांच्या नावावर. हाही हंगाम कोरडा गेला तर लॉज कंत्राटदाराला चालवायला द्यायचा आणि वहिनींनी किल्ल्या खाली ठेवायच्या, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

"भाऊजी, तळं काढा," ती म्हणाली.

वेबसाइटवाल्याने चष्मा पुसला. खिडकी जरा खुलवा असं त्याला सांगितलं होतं. भिंत काही केल्या खुलेना, म्हणून तळं घातलं. सगळेच घालतात, कुणी डोंगर, कुणी समुद्र.

दीर हसले. "वहिनी, आपल्या ताकाला कुणी आंबट म्हणतं का?"

"ताक आंबट असतं तर मी गप्प बसले असते. हा पाण्यात कालवलेला चुना आहे, भाऊजी."

आवाज चढला नाही. तिचा कधी चढत नसे, म्हणून तर दीर गाफील राहिले. तिने खुर्ची ओढली, वेबसाइटवाल्याला साती जणांचे नंबर वाचायला सांगितले आणि पहिला नंबर फिरवला.

प्रत्येकाला तेच सांगितलं: लॉजमधून बोलतेय, फोटोतलं तळं खोटं आहे, खोली खरी आहे, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नव्याने लग्न झालेल्या एकाने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. एकाने विचारलं, तळं आटलं का? नव्हतंच कधी, ती म्हणाली. एका गृहस्थांनी प्रामाणिकपणावर लांबलचक भाषण दिलं आणि शेवटी बुकिंग रद्द केलं. प्रत्येक फोननंतर दीर एकेक बोट मिटत होते. सहावं गेल्यावर ते उठून येरझारा घालू लागले.

सातवी बाई परीक्षेला येणार होती. तिने तळ्याचं नाव काढलं नाही. उशाशी वाचायला दिवा आहे का, एवढंच विचारलं. आहे, मालकीण म्हणाली, पण बटण सैल झालंय, तुम्ही यायच्या आत बदलून घेते.

"सातातला एक उरला," दीर म्हणाले. "आता बसा घरी."

"बसेन. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड दाखवता येईल अशी बसेन."

मग वेबसाइटवाल्याने दिरांकडे न बघताच विचारलं, "ताई, मग चार नंबरला काय लिहू?"

तिला वर जाऊन बघायची गरज नव्हती. दर महिन्याला ती एकेक रात्र एकेका खोलीत झोपायची. कुठे काय कुरकुरतं ते अंथरुणात पडल्याशिवाय कळत नाही, असं तिचं म्हणणं. ती सांगत गेली. चार नंबर: खिडकीसमोर भिंत, भर दुपारी अंधार, रात्रपाळी करून आलेल्याला झोप उत्तम. दोन नंबर: पहाटे टाकीत पाणी पडतं त्याचा आवाज. पाच नंबर: सहाला उन्हं तोंडावर येतात, उशिरा उठणाऱ्याने घेऊ नये. चादरी रोज बदलतो. जिना अरुंद आहे, पण सामान वर नेऊन देतो.

वेबसाइटवाल्याची बोटं चालत होती. मधेच त्याला हसू फुटलं. अशी जाहिरात जन्मात लिहिली नव्हती, म्हणाला, आणि सैल बटणाचंही टाकू का, असं स्वतःहून विचारलं. नको, ती म्हणाली, ते आज दुरुस्त होईल.

फोटोतलं तळं काढून, सगळं साइटवर चढवून त्याने लॅपटॉप दिरांकडे वळवला. त्यांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला.

तासाभराने काउंटरवरचा फोन वाजला. दिरांनी झडप घालून उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर हाताने झाकून म्हणाले, "साइट बघून विचारतायत. वहिनी, निदान आता तरी मी बोलतो."

तिने त्यांच्या हातातून फोन घेतला.

"हो, लॉजच. गरम पाणी आहे, सहा ते नऊ. नाही हो, साडेनऊला नाही मिळायचं." ती ऐकत राहिली. "थांबा, इतक्यात हो म्हणू नका. अजून माझं सांगून झालेलं नाही."