भिंतीची पंगत

केतकीने भिंतीला नख लावलं. ओरखडा उठला. उद्याच्या तपासणीतही असाच उठला, तर इंजिनीअर म्हणून तिने उभारलेली ही पहिलीच भिंत पाडावी लागणार होती. ती नव्या मिश्रणाची होती; हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषूनच घट्ट व्हायची. पण सगळी यंत्रं विजेवर आल्यापासून साइटवर धूरच उरला नव्हता.

बाहेर स्लॅब पडल्याबद्दल मजुरांना द्यायच्या जेवणाची पंगत मांडली जात होती. ती पाहून केतकी धावली. “इरप्पामामा, पंगत आत घ्या! आपल्या श्वासातला कार्बन पिऊ दे तिला.”

“म्हणजे भिंतही जेवायला?” मुकादम इरप्पा हसले. “शेवंताबाई, तुम्ही भिंतीला खेटून बसा. तुमचं तोंड थांबत नाही!”

“मग उद्या भिंतच बोलायला लागेल, बघा!” पाट्या वाहणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या.

जेवणं झाली, गाणी रंगली. केतकीने पुन्हा नख लावलं. नखच मोडलं.