आईचा शेरा

ऑनलाइन शिवणवर्गातल्या मुली शिवलेल्या कपड्यांचे फोटो पाठवतात, मी त्यावर अभिप्राय रेकॉर्ड करून पाठवते. मागे बटणं लावत बसलेली आई गप्प राहील तर शपथ! "कॉलर काय झोकात बसवलीय पोरीनं!" हल्ली मुली विचारतात, "ताई, चुका कळल्या. आई काय म्हणाल्या?" मला मात्र लहानपणापासून आईचा एकच शेरा: "उसव." म्हणून आज माझ्या नव्या शर्टाचा फोटो मी गुपचूप मुलींच्या फोटोंत घुसवला. आईनं चष्मा चढवला. "बाहीला चुण्या आल्यात. उसव." मी भडकलेच. "मुलींचं कौतुक, आणि मला कायम उसव?" "तुझा हात ओळखते मी. त्यांच्या चुका काढायला तू आहेस. तुझ्या काढायला माझ्याशिवाय कोण आहे?" खुंटीवरचा शर्ट मांडीवर घेऊन ती स्वतःच बाही उसवू लागली. "रेकॉर्डिंग बंद आहे ना? कॉलर बाकी झोकात बसलीय."