एकोणीस अंश, सावलीत

भंगारवाल्याने फ्रीज कवेत घेतला आणि तसाच थबकला. "बाई, आत कुणीतरी आहे."

"बिअर आहे," सिस्टर म्हणाल्या. "ती मोरीत ओतायची आणि फ्रीज न्यायचा."

सिस्टर म्हणजे घरच्या मालकीणबाई. दवाखान्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. चारचौघांत नवऱ्याच्या तोंडूनही चुकून तेच निघे. हे यजमान वेधशाळेतले निवृत्त निरीक्षक. आत्ता ते फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभे होते.

"अगं, ही बिअर आंबायला घालून आज तिसराच दिवस. ही खेप नक्की जमणार."

"पहिलीला नेलपॉलिशचा वास होता. दुसरी माझ्या भावाने घेतली, तो दोन दिवस डोकं धरून बसला. आता तिसरी कुणाला पाजताय?"

"पण नोंदी बघ की!" त्यांनी वही पुढे केली. दर तीन तासांनी, टोकदार पेन्सिलीने, एकोणीस. पानभर एकोणीस. "मुंगीएवढाही फरक नाही."

"मग बिघडतं कशाने?" भंगारवाल्याने विचारलं. त्याने दोरी खाली ठेवली होती.

निरीक्षकांना हा प्रश्न दोन खेपा छळत होता. त्यांनी दार उघडलं.

आत एक पोटफुगा काचेचा बुधला. त्याच्या तोंडावरच्या नळीतून बुडूक, बुडूक. आणि वरच्या जाळीला दोऱ्याने टांगलेली, कशालाही न टेकणारी, आइस्क्रीमच्या काड्यांची एक इवलीशी पेटी. चारी बाजूंना झडपा. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिलेली.

"हे काय पाखराचं घर?"

"तापमापकाचं. तापमान सावलीत घ्यायचं, वारा खेळता ठेवून, कशाचाही स्पर्श न होता. पस्तीस वर्षं असंच घेतलं मी."

"कुणाचं?"

"हवेचं."

सिस्टरांनी हात पालथा करून बुधल्याच्या पोटाला लावला. जरा जास्तच वेळ ठेवला.

"अहो, याचं अंग तापलंय," त्या म्हणाल्या. "पेशंट खाटेवर, आणि तुम्ही थर्मामीटर वॉर्डातल्या पंख्याला टांगलाय!"

त्या आत जाऊन कापूस आणि चिकटपट्टी घेऊन आल्या. पेटीतून तापमापकाची वायर ओढून काढली, तिचं टोक बुधल्याला टेकवलं, वर कापसाचा बोळा ठेवला आणि पट्टी दाबून बसवली. "काखेत लावतात. बाहेरची हवा लागू न देता."

दार लागलं. वायरीचं दुसरं टोक बाहेरच्या डबीला होतं; तिच्यावरच्या आकड्यासमोर तीन डोकी जमली.

एकोणीस. वीस.

"चढतोय," भंगारवाला पुटपुटला.

बावीस. तेवीस. चोवीसवर आकडा थांबला. स्वच्छ उन्हाचा अंदाज वर्तवून भिजत घरी आलेल्या माणसाचा चेहरा निरीक्षकांना नवा नव्हता. तो त्यांनी पुन्हा धारण केला.

"यीस्ट साखर खातं, तेव्हा आतून तापतं," ते सावकाश म्हणाले. "हवा एकोणीस, आणि हा बिचारा चोवीस. दोन्ही खेपा अशाच तापात गेल्या..."

एकोणीसच्या वर गेलेला आकडा डबीने कळवला, तसं फ्रीजने घुर्र करून काम सुरू केलं. सगळ्यांनीच श्वास सोडला.

"वाचेल?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी तरी कळलं. बघू." सिस्टरांनी त्यांच्या हातातली वही काढून घेतली, नवं पान उघडलं आणि आडव्या-उभ्या रेघा मारून पहिला ठिपका चोवीसवर दिला. निरीक्षक दाराच्या मुठीकडे हात नेऊ लागले, तो सिस्टरांनी पेन्सिलीनेच बाजूला सारला.

"बाई, मग फ्रीज नेऊ ना?"

"हलवता येणार नाही."

भंगारवाल्याने दोरी गुंडाळली. जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "मग बघायला कधी येऊ?"

सिस्टरांचा हात छातीशी गेला, जिथे नोकरीत असताना घड्याळ टाचलेलं असे.

"चार ते पाच," त्या म्हणाल्या. "आणि एका वेळी एकच जण."