माल्टाचा फुलबॅक

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माल्टा देशाचा एक फुलबॅक याच बाकावर बसून रडला होता," मी नातवाला म्हणालो. कोठी भागातल्या दवाखान्यात आज त्याच्या, अभिजीतच्या, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. नव्या धोरणात सरकारी भरती आटत चालली होती. रेल्वेत खेळाडूंसाठी एकच जागा उरली होती, तिची चाचणी दिवाळीनंतर होती. मांडीवरचा फुटबॉलचा बूट त्याने घट्ट धरला होता. "नामपल्लीच्या मैदानात त्याचाही डावाच गुडघा गेला. सगळे म्हणाले, खेल खतम. इथल्याच डॉक्टरांनी शिवला. पुढे पस्तिशीपर्यंत देशाकडून खेळला, एकाही फॉरवर्डला बाजूने जाऊ दिलं नाही. शेवटच्या सामन्यात कप्तानाचा पट्टा दंडाऐवजी त्याच गुडघ्याला बांधून उतरला." नर्सने नाव पुकारलं. अभिजीतने बूट माझ्या हातात दिला. "आजोबा, धाकट्या ईशाच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनवेळी तुमच्या गोष्टीत हाच माणूस गोलकीपर होता, आणि त्याचा घसा बसला होता."