शनिवारच्या आत

गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, आणि तीही त्याच रस्त्यावर.

"झालं कल्याण!" लेकाने स्टीअरिंगवर हात आपटला. "चार महिन्यांची नवी कोरी गाडी! आई, तू उतरू नकोस गं, ऊन आहे."

आई कशाला उतरते! मागच्या सीटवर ती अंग चोरून बसली होती. पायाशी बॅग. बॅगेत कपडे, औषधांचा डबा आणि जादा चष्मा. वृद्धाश्रमातली खोली तिच्यासाठी शनिवारपर्यंतच राखून ठेवलेली होती, आणि आज शनिवार होता.

पाचच मिनिटांपूर्वी कसलासा आवाज येतोय म्हणून त्याने गाडी कडेला घेतली होती. बॉनेट उघडून आत डोकं घातलं, काही कळलं नाही, परत येऊन बसला. तेव्हापासून चावी फिरवली की नुसती घरघर. इंजिन काही पकडेना.

"हात काय पॅंटला पुसतोस? धुवायची मला असते ती," आई म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, उद्यापासून धुवायची नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली.

खरं तर जाण्याचं तिनेच काढलं होतं. कुठल्याशा फालतू गोष्टीवरून घरात वाजलं आणि ती रागाच्या भरात बोलून गेली, "मला एखाद्या आश्रमात नेऊन ठेवा, म्हणजे सुटाल सगळे!" सून घाबरून म्हणाली, "आई, असं काय बोलता?" लेक मात्र जेवता जेवता एवढंच म्हणाला, "बरं, बघू."

बघू! मग आईनेही इरेला पेटून आश्रमाचा फॉर्म भरून टाकला. महिन्याभरात दारात ही गाडी उभी. "तुला नीट बसून जाता यावं म्हणून घेतली," तो म्हणाला. कुठे जाता यावं, ते तिने विचारलं नाही. आता माघार तरी कोणत्या तोंडाने घ्यायची? नको जाऊस, एवढं त्याने एकदा म्हणावं. बॅग तिने तिथल्या तिथे रिकामी केली असती. पण छे, नाव नाही.

टोचन लावून गाडी सर्व्हिस सेंटरला पोचेपर्यंत दुपार झाली. तिथली खुर्ची आता आईच्या ओळखीची झाली होती. समोर 'ग्राहक हेच आमचं कुटुंब' अशी पाटी आणि तिच्याखाली कायमचं बंद पडलेलं कॉफीचं मशीन.

पहिल्या वेळी इथल्या गळ्यात टाय घातलेल्या माणसाने, टायवाल्याने, तिला एक काळी डबी दाखवली होती. काडेपेटीच्या निम्म्याने, चार पायांची. "आजी, हा रिले. हा जळला की पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला वीज नाही. मग गाडी हलायचं नाव घेत नाही."

"मग दुसरा लावा की."

"तो वरून यायला लागतो."

"वरून म्हणजे कुठून?"

टायवाल्याने खरंच छताकडे पाहिलं होतं. त्या रिलेला वरून यायला अकरा दिवस लागले.

दुसऱ्या वेळी तर कहरच. टायवाला म्हणाला, "साहेब, जागेवर रिलेच नाही."

"म्हणजे तुमच्या माणसांनी बसवलाच नाही!" लेक इतका ओरडला, की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "मॅनेजरला बोलवा!" मॅनेजर मीटिंगमध्ये होते. ते नेहमीच मीटिंगमध्ये असत. आई खुर्चीत बसून ऐकत होती. जन्मात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेला पोरगा भांडतोय कशासाठी, तर आईला पोचवायला उशीर होतोय म्हणून. त्या खेपेला चौदा दिवस गेले.

आज टायवाला बराच वेळ बॉनेटमध्ये वाकून होता. मग बाहेर आला. त्याने लेकाकडे पाहिलं, मग आईकडे, मग तिच्या पायाशी असलेल्या बॅगेकडे.

"परत रिलेच नाही, साहेब. आमचीच काहीतरी चूक झाली असेल."

"असेल नाही, आहेच! किती दिवस?"

"पंधरा तरी."

"लेखी द्या."

टायवाल्याने मुकाट्याने लिहून दिलं. लेकाने तिथूनच आश्रमात फोन लावला. "हो, शनिवारच्या आत म्हणाला होतात, पण गाडीच... बरं. बरं, द्या दुसऱ्यांना." त्याने फोन खिशात टाकला. आईकडे न बघताच म्हणाला, "खोली गेली. आता पुढचं बघू."

पुन्हा बघू! म्हणजे आता दुसरा आश्रम शोधणार. आईला रडूच येत होतं, पण परक्यांसमोर रडायची तिला सवय नव्हती. तिने बॅग उचलली. लेकाने ती तिच्या हातातून काढून घेतली.

घरी आल्यावर हाताला काहीतरी काम हवं म्हणून ती मळके कपडे घेऊन वॉशिंग मशीनपाशी बसली. लेकाने आत्ताच बदललेली पॅंट वरच होती, खिशापाशी काळा डाग पडलेली. खिसे तपासल्याशिवाय त्याचा एकही कपडा तिने आजवर पाण्यात घातला नव्हता. लहानपणी पोरगा तोंडाने काही म्हणून सांगायचा नाही. पडलेला दात, नापास झालेला गणिताचा पेपर, सगळं तिला खिशातच सापडायचं.

तिने सवयीने हात घातला. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी टणक हाताला लागलं. तिने रुमाल उलगडला. आत चार पायांच्या काळ्या डब्या होत्या, एक नाही, दोन.