बिनवासाची बरणी

नववीच्या तासासाठी मेंढीचे डोळे बरणीतून काढून धुवायचं काम प्रयोगशाळेतल्या ताई दरवेळी मागून घेत. "सकाळ-संध्याकाळ जप करणाऱ्या तुम्ही, तुम्हाला बरं चालतं हे," शिपाईमामा चिडवत. ताई हसत बरणीचं झाकण उघडत. फॉर्मॅलिनच्या वासाने त्यांच्या डोळ्यांना जी धार लागे, ती तासभर थांबत नसे.

घरी डोळे जरा ओलावले तरी नवरा समोर येऊन उभा राहायचा. "आता काय कमी पडलं? बोल ना." सांगितलं तर भांडण, नाही सांगितलं तर आठवडाभर अबोला. इथे मात्र रडण्याचं कारण कुणी विचारत नसे.

आज विज्ञानाच्या बाई हौसेने नवी बरणी घेऊन आल्या. "ताई, तुमचे हाल बघवेनात हो. मुख्याध्यापकांच्या मागे लागून बिनवासाच्या द्रावणातले डोळे मागवलेत. आता तुमच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा यायचं नाही."

ताईंनी झाकण उघडलं, अगदी वाकून वास घेतला. काहीच चुरचुरलं नाही.



"बाई, जुनी एखादी बरणी शिल्लक असेल का हो?"